हाडासाठी परांची

तुटलेले हाड जुळते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. हरवलेले हाड मात्र जुळत नाही. त्या रिकाम्या जागेत काय भरावे, याचा शोध घेता घेता शास्त्रज्ञ शेवटी हाडाच्याच घडणीपाशी येऊन पोहोचले.

भाच्याच्या मोटारसायकलला घाटात अपघात झाला, त्याला आता दोन वर्षे होऊन गेली. जीव वाचला, पायही वाचला. पण नडगीच्या हाडाचा बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा गेला तो गेलाच. डॉक्टरांनी आत रॉड घातला, जखम भरून येऊ दिली आणि मग सांगितले, की आता कमरेचे हाड खरवडून या पोकळीत भरावे लागेल. माझी बहीण शाळेत शिक्षिका. प्रश्न विचारल्यावाचून राहणे तिच्या स्वभावात नाही. ती म्हणाली, "डॉक्टर, हल्ली गुडघेसुद्धा नवे मिळतात. मग बोटभर हाड बाजारात मिळू नये?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "मिळतं ना, ताई. पण ते हाड नसतं, हाडाची परांची असते. बांधकाम शेवटी याच्याच शरीरानं करायचं असतं. आणि ही पोकळी मोठी आहे. इथे मला याचंच हाड हवं."

शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी भेटायला गेलो, तर भाचा म्हणतो, "मामा, पायाचं काही नाही, पण कंबर ठणकतेय!" जिथे काही झालेच नव्हते, तिथली जखम अधिक दुखत होती. पाय दुरुस्त करायला कंबर उकरायची, हा व्यवहार काही केल्या मनाला पटेना. आणि डॉक्टरांचा 'परांची' हा शब्दही डोक्यातून जाईना. म्हणून मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले, ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

कूड आणि गिलावा

हाड म्हणजे काय? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो तो खडूसारखा पांढरा, कडक पदार्थ. हाड म्हणजे कॅल्शियम, एवढे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते. ते अर्धेच खरे आहे.

ज्यांच्या घरी चालते त्यांनी एक प्रयोग करून पाहावा. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे, मधूनमधून व्हिनेगर बदलावे. काही दिवसांनी ते हाड रबरासारखे वाकते. आकार तोच, पण कडकपणा गेलेला. आम्लाने त्यातले खनिज विरघळवून टाकलेले असते आणि मागे राहतो तो चिवट धाग्यांचा सापळा. हे धागे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे.

दुसरी बाजू आपल्याला अधिक गंभीर प्रसंगी दिसते. स्मशानातून अस्थी गोळा करून आणणाऱ्यांना ती ठाऊक आहे. एरवी माणसाचा भार वर्षानुवर्षे पेलणारे हाड तेव्हा बोटांच्या चिमटीत चुरते. आगीत कोलॅजन जळून गेलेले असते. उरलेले असते ते केवळ खनिज.

म्हणजे नुसते कोलॅजन वाकते आणि नुसते खनिज चुरते. दोघे एकत्र आले, की धावत्या माणसाचे ओझे झेलणारे हाड तयार होते. वजनाचा हिशेब मांडला, तर हाडात साधारण साठ ते सत्तर टक्के खनिज असते, वीस ते तीस टक्के सेंद्रिय भाग असतो आणि बाकी पाणी. त्या सेंद्रिय भागात सुमारे नव्वद टक्के वाटा कोलॅजनचा. खनिज आहे ते कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे; हायड्रॉक्सिअॅपेटाइट या दगडी खनिजाचे जवळचे भावंड.

कोकणात आणि मावळात जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही रचना सहज कळेल. कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करायचा आणि त्यावर शेणामातीचा गिलावा लिंपायचा. काठ्या ताण घेतात, माती दाब घेते. हाडाचेही तसेच. फक्त एक फरक आहे, आणि सगळी गंमत त्या फरकात आहे. कुडाचा गिलावा काठीवर बसतो; हाडाचा गिलावा काठीच्या आत शिरतो!

मद्रासमध्ये उलगडलेला पीळ

तो आत कसा शिरतो, हे समजायचे तर कोलॅजनच्या धाग्याची वीण पाहायला हवी. आणि ती वीण ज्या प्रयोगशाळेत उलगडली, ती आपल्याच देशात होती.

1952 साली जे. डी. बर्नाल हे विख्यात ब्रिटिश शास्त्रज्ञ मद्रास विद्यापीठात आले होते. पदार्थविज्ञान विभागाचे तरुण प्रमुख गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांच्याशी बोलताना त्यांनी कोलॅजनचा विषय काढला. या प्रथिनाची रचना अजून कोणालाच समाधानकारक सांगता आलेली नव्हती. रामचंद्रन यांनी ते काम हाती घेतले. चामडे म्हणजे मुख्यतः कोलॅजनच. आणि केंद्रीय चर्म संशोधन संस्था तर जवळच होती. तिथून त्यांना कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंधाचा उत्तम नमुना मिळाला. क्ष-किरणांची चित्रे घेऊन रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी 1954 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात उत्तर मांडले: कोलॅजन म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ. पुढच्याच वर्षी त्यांनी त्यात आणखी सुधारणा केली.

तिपेडी वेणीसारखा हा रेणू सुमारे 300 नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. असे असंख्य रेणू एकमेकांशेजारी, पण थोडे मागेपुढे सरकून बसतात. भिंतीत विटांचे सांधे एकावर एक येऊ नयेत म्हणून गवंडी ठेवतो तसे. त्यामुळे दर 67 नॅनोमीटरला एक रिकामी फट पडत जाते. खनिजाचे कण वाढू लागतात ते या फटींमध्ये. अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचे हे पापुद्रे धाग्याच्या दिशेनेच मांडले जातात. हाडाला तडा गेलाच, तर तो सरळ धावत नाही. पापुद्र्यापापुद्र्याला अडखळतो, धाग्याधाग्याशी वळतो आणि दमून थांबतो. काच फुटते आणि हाड सहसा टिकते, याचे एक मोठे कारण हेच.

कलमाची जुनी कहाणी

हरवलेल्या हाडाच्या जागी दुसरे काही बसवण्याची माणसाची धडपड जुनी आहे. योब व्हान मेकेरेन या डच शल्यविशारदाने लिहिलेला एक वृत्तांत 1668 मध्ये प्रसिद्ध झाला. एका सैनिकाच्या कवटीतली खोक कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवून भरली, असे त्यात सांगितले आहे. चर्चचा रोष झाला, तेव्हा तो तुकडा काढून घ्या म्हणून सैनिक परत आला. पण तोवर तो पक्का जुळला होता, असे सांगतात. 1892 मध्ये ड्रीसमान या जर्मन डॉक्टरने हाडाच्या पोकळ्यांत चक्क प्लास्टर ऑफ पॅरिस भरून पाहिले.

पण आजतागायत डॉक्टरांचा सर्वांत विश्वास आहे तो रुग्णाच्या स्वतःच्या हाडावर. हापूसचे कलम बांधताना जिवंत फांदी लागते, तसेच हे. त्यात जिवंत पेशी असतात, वाढीचे संदेश असतात आणि शरीराला ते परके वाटत नाही. अडचण एवढीच, की हे हाड काढायला दुसरी जखम करावी लागते, आणि शरीराकडे असा साठा फारसा नसतो.

दुसरा मार्ग दान केलेल्या हाडाचा. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात 1988 मध्ये टिश्यू बँक सुरू झाली. खुब्याच्या शस्त्रक्रियेत काढून टाकलेला हाडाचा गोळा एरवी कचऱ्यात जायचा. तो इथे स्वच्छ करून, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडू लागला. रक्तदान आणि नेत्रदान आपल्याला माहीत असते. अस्थिदानही असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

या सगळ्या कामाला वेगळे वळण दिले ते लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट या अस्थिशल्यविशारदाने. व्हिनेगरच्या प्रयोगात केले तसेच त्यांनी केले. हाडातले खनिज आम्लाने काढून टाकले आणि उरलेला मऊ सापळा प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. स्नायू म्हणजे मांस. तिथे हाडाचे काय काम? पण काही आठवड्यांनी त्या मांसात नवे हाड उगवले होते. 1965 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या सापळ्यात काही प्रथिने दडलेली होती आणि ती आसपासच्या पेशींना 'हाड बनवा' असा हुकूम देत होती. म्हणजे बाहेरून तयार हाड घालण्याची गरजच नाही. योग्य जागा आणि योग्य निरोप मिळाला, तर शरीर स्वतः हाड घडवते.

अनारशाची जाळी

मग अशी जागा कारखान्यात तयार करता येईल का? प्रयोगशाळांत आधी खनिजाचे भाजलेले गोळे तयार झाले, चिनी मातीच्या भांड्यांसारखे. ते शरीराला मानवतात, पण ठिसूळ असतात. दाणेदार भरले तर जागेवरून हलतात आणि काही प्रकार वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात. नुसत्या कोलॅजनचा स्पंज केला, तर तो फारच मऊ. तेव्हा दोन्ही एकत्र करावे, हे ओघानेच आले. गाईच्या कातडीतले कोलॅजन आणि खनिजाचे दाणे यांचे मिश्रण अमेरिकेत 1993 मध्ये वापरासाठी मंजूर झाले. रुग्णाच्याच हाडातला मगज त्यात मिसळून ते पोकळीत भरायचे.

पण मिसळणे वेगळे आणि विणणे वेगळे. जपानमध्ये त्सुकुबा येथे मासानोरी किकुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी पद्धत वापरली. तयार खनिज कोलॅजनमध्ये कालवण्याऐवजी त्यांनी दोन्हींचा जन्म एकाच भांड्यात घडवला. एका बाजूने चुन्याचे पाणी, दुसऱ्या बाजूने कोलॅजन मिसळलेले फॉस्फरिक आम्ल, दोन्ही थेंब थेंब सोडायचे. तापमान 40 अंश आणि सामू 9 च्या आसपास सांभाळायचा. पाक बिघडू नये म्हणून घरातली जाणती बाई आच सांभाळते, तसेच हे काम. तापमान आणि सामू बरोबर जमले, तर खनिजाचे सूक्ष्म कण आपणहून धाग्यांच्या दिशेने रांगेत बसतात. 2001 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले, आणि साधारण दशकभराच्या चाचण्यांनंतर त्यापासून केलेला सच्छिद्र पदार्थ जपानमधल्या रुग्णांपर्यंत पोहोचला. त्यात वजनाने ऐंशी टक्के खनिज आणि वीस टक्के कोलॅजन असते. ओला केला, की तो स्पंजासारखा दबतो आणि वेड्यावाकड्या पोकळीतही नीट बसतो.

आता त्यातल्या छिद्रांविषयी. अनारशाला जाळी पडली नाही, तर सुगरणीचा जीव थोडा होतो. इथेही तसेच आहे. जाळी नसेल, तर पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरणार कशा? ही जाळी पाडण्याची युक्ती साधी आहे. ओले मिश्रण गोठवायचे. त्यातल्या पाण्याचे बर्फाचे कण होतात. मग निर्वात जागेत ठेवले, की तो बर्फ न वितळता कापरासारखा उडून जातो आणि जिथे बर्फाचा कण होता तिथे छिद्र उरते. सावकाश गोठवले तर छिद्रे मोठी, झटकन गोठवले तर बारीक. हाडाच्या कामासाठी साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून तिसऱ्या भागापर्यंतची, एकमेकांना जोडलेली छिद्रे उपयोगी ठरतात.

पुढचे काम शरीराचे. पोकळीतले रक्त या जाळीत मुरते. मागोमाग रक्तवाहिन्या येतात. हाड घडवणाऱ्या पेशी जाळीच्या भिंतींवर बसून नवे हाड रचू लागतात. हाड खाणाऱ्या पेशीही येतात, आणि त्यांचेही काम तितकेच मोलाचे. निरोगी माणसाच्या शरीरातसुद्धा या दोघींची पाडापाड आणि बांधाबांध अखंड चालू असते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नवा होत असतो. हा कारखान्यातला पदार्थ त्या पेशींना ओळखीचा वाटतो, म्हणून त्या तो हळूहळू खातात आणि त्या जागी खरे हाड येते. परांची फार लवकर उतरवली तर भिंत ढासळते. उतरवलीच नाही, तर घरात राहायला जाता येत नाही. या पदार्थाची खरी परीक्षा तो किती टिकतो यात नाही, वेळेवर नाहीसा होतो का यात आहे.

इटलीतल्या फाएन्झा या गावात या कल्पनेला आणखी एक वळण मिळाले. हे गाव शतकानुशतके रंगीत मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत आन्ना ताम्पिएरी आणि सहकाऱ्यांनी गुडघ्यासाठी तीन थरांचा तुकडा तयार केला. सर्वांत वर नुसते कोलॅजन, कूर्चेसाठी; मध्ये थोडे खनिज; तळाला भरपूर खनिज, हाडासाठी. कोलॅजन घोड्याच्या स्नायुबंधातले. आयर्लंडमध्ये मात्र घोड्यालाच लाभ झाला. डब्लिनच्या संशोधकांनी तयार केलेली कोलॅजन आणि खनिजाची जाळी एका तरुण घोडीच्या जबड्यातल्या पोकळीत बसवली गेली, हाड भरून आले आणि ती घोडी पुन्हा शर्यतीत धावली.

घाईची किंमत

इथपर्यंत वाचून सगळे प्रश्न सुटले असे वाटेल. तसे नाही, आणि हे सांगायलाच हवे.

युरिस्ट यांनी शोधलेल्या प्रथिनांपैकी एक पुढे कारखान्यात भरपूर प्रमाणात तयार करता येऊ लागले. ते कोलॅजनच्या स्पंजात भिजवून मणक्याच्या शस्त्रक्रियेत वापरायला अमेरिकेत 2002 मध्ये परवानगी मिळाली. कंबर उकरण्याची गरज संपली, म्हणून त्याचे जोरदार स्वागत झाले. डॉक्टर ते परवानगी नसलेल्या ठिकाणी, मानेतही, वापरू लागले. मानेत सूज येऊन श्वास आणि गिळणे अडू लागल्याच्या तक्रारी आल्या. 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. नको तिथे हाड वाढल्याचीही उदाहरणे पुढे आली. मूळच्या चाचण्यांमध्ये दुष्परिणाम कमी दाखवले गेले होते, अशी कडक टीका 2011 मध्ये मणक्याच्या तज्ज्ञांच्याच नियतकालिकाने केली. 'हाड बनवा' हा हुकूम सोपा. 'इथेच बनवा आणि एवढेच बनवा' हे सांगणे कठीण.

जपानी पदार्थाची तुलना दुसऱ्या एका रूढ पदार्थाशी झाली, तेव्हाही निकाल सरळसोट नव्हता. हाड अधिक चांगले भरले, पण किरकोळ उपद्रवही अधिक दिसले. 2016 मध्ये संशोधकांनी दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे लिहिल्या. शिवाय हा ओला स्पंज शरीराचा भार पेलू शकत नाही. रॉड किंवा पट्टी लागतेच. आणि पोकळी मोठी असेल, तर जाळीच्या मध्यापर्यंत रक्त वेळेत पोहोचत नाही. माझ्या भाच्याच्या बाबतीत डॉक्टरांनी कंबर का निवडली, ते मला इथे कळले.

आपल्याकडे या पदार्थांशी सामान्य माणसाची गाठ बहुधा दंतवैद्याकडे पडते. दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजू नये म्हणून, किंवा कृत्रिम दाताचा खिळा बसवण्याआधी, जागा भरण्यासाठी खनिज आणि कोलॅजन वापरले जाते. अशा वेळी दोन प्रश्न विचारायला संकोच करू नये. हा पदार्थ कशापासून केला आहे? गाय, डुक्कर, घोडा, मासा की मानवी दान? आपल्या समाजात हा प्रश्न अनेकांच्या श्रद्धेचा असतो, आणि तो शस्त्रक्रियेच्या आधीच विचारायचा असतो. दुसरा प्रश्न: माझ्या बाबतीत माझे स्वतःचे हाड चालणार नाही का, आणि का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

आणि तिसरी गोष्ट बाजारातल्या कोलॅजनच्या पुड्यांची. 'हाडांसाठी कोलॅजन प्या' अशा जाहिराती सध्या घरोघरी पोहोचतात. पोटात गेलेले कोलॅजन इतर प्रथिनांसारखेच पचते, त्याचे तुकडे होतात. ते जसेच्या तसे जाऊन नडगीत बसत नाही. वर सांगितलेल्या शस्त्रक्रियेच्या विद्येचा आणि या पुडीचा काही संबंध नाही. मोडलेल्या हाडाच्या माणसाने त्यापेक्षा सिगारेट सोडावी. धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो, हे पक्के ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात भाच्याच्या पायाचा नवा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो दिव्यापुढे धरला आणि बहिणीला जवळ बोलावले. "ताई, कमरेचं हाड कुठे भरलं होतं, दाखवा बरं." तिने खूप निरखून पाहिले. वरपासून खालपर्यंत नडगी सलग होती. कमरेचा तुकडा म्हणून वेगळे असे काही तिथे उरलेच नव्हते. पेशींनी तो केव्हाच खाऊन टाकून त्या जागी नडगी बांधली होती.

"म्हणजे हीसुद्धा परांचीच होती म्हणायची," बहीण म्हणाली.

"परांचीच," डॉक्टर म्हणाले. "फक्त त्याच्याच अंगणातल्या बांबूंची. बाहेरचे बांबू इतके चांगले झाले, की तुमच्या नातवंडांची कंबर वाचेल."